निळी रेघ, फुगलेले गाल

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : स्वस्तातली अ‍ॅनामॉर्फिक लेन्स, म्हणजे आडवं दृश्य दाबून टिपणारी आणि एडिटमध्ये पसरल्यावर सिनेमासारखी रुंद फ्रेम देणारी लेन्स. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : कॅमेरा एपीएस-सी (३५ मिमीच्या फुल फ्रेमहून लहान) सेन्सरचा, सोनी ई माउंटचा. व्हिडिओ फक्त १६:९ मध्ये रेकॉर्ड होतो. १.३३ पट दाबाची लेन्स घ्यावी की १.६ पट? दुकानदार म्हणतो, आकडा जेवढा मोठा तेवढा सिनेमा जास्त. (कोल्हापूर)

१.३३ घ्या. दुकानदार अर्धं खरं सांगतोय. पट वाढला की लंबगोल बोके (मागच्या धूसर भागातले दिव्यांचे ठिपके) आणि तो 'स्कोप'चा, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाचा भास ठळक होतो, हे बरोबर. पण ही लेन्स आडवं दृश्य दाबून सेन्सरवर बसवते आणि आपण ते एडिटमध्ये पुन्हा पसरतो, त्यामुळे गुणाकार आधी करायला हवा. १६:९ म्हणजे १.७८. त्याला १.३३ ने गुणलं की २.३७ येतं, थिएटरच्या २.३९ स्कोपला जवळजवळ चिकटून. १.६ ने गुणलं की २.८४, नुसती पट्टी. तिला २.३९ वर आणायचं तर ३८४० पैकी साधारण ३२२६ पिक्सेल उरतात. म्हणजे रुंदीसाठी पैसे मोजायचे आणि तीच रुंदी कापून टाकायची.

३:२ चा ओपन गेट (पूर्ण सेन्सरचं रेकॉर्डिंग) देणारा कॅमेरा असेल (पॅनासोनिक एस५ मार्क २, फुजी एक्स-एच२एस) तर हिशेब उलटतो : १.५ गुणिले १.६ बरोबर २.४. ४:३ असेल तर १.८ पट बसते. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, तेव्हा सिरुईची ५० मिमी एफ १.८ किंवा ३५ मिमी एफ १.८ पाहा. ५० मिमीचा आडवा कोन ३७.५ मिमीसारखा मिळतो; एपीएस-सीवर तो फुल फ्रेमच्या ५६ मिमीइतका. वन बीएचकेच्या खोलीत शूट करणार असाल तर ५० ने भिंतीला पाठ लागेल, ३५ घ्या.

प्रश्न : लांबचे शॉट झकास येतात, पण क्लोजअपमध्ये नटीचे गाल फुगतात. लेन्स सदोष आहे का? (पुणे)

नाही. हा 'गालगुंडां'चा दोष जुन्या सिनेमास्कोप लेन्समध्येही होता. ज्यांच्या पुढच्या बाजूला अ‍ॅनामॉर्फिक भिंगं असतात अशा बऱ्याच लेन्समध्ये फोकस जवळ आणला की दाब कमी होतो. चेहरा १.२५ पटच दाबला गेलेला असतो आणि आपण तो सवयीने १.३३ पट पसरतो. उरलेला फरक गालांवर दिसतो.

आपल्या लेन्सचा खरा आकडा घरीच काढता येतो. गोल, सपाट स्टीलचं ताट भिंतीला चिकटवा. कॅमेरा बरोबर समोर, ताट फ्रेमच्या मधोमध. ३ मीटर, २ मीटर, १.२ मीटर आणि लेन्सचं किमान अंतर, अशा चार ठिकाणांहून फोकस करून घ्या. न पसरलेल्या चित्रात ताटाची उंची भागिले रुंदी म्हणजे त्या अंतरावरचा दाब. हे चार आकडे टेपवर लिहून लेन्सला लावून टाका. एडिटमध्ये क्लोजअपला तोच आकडा वापरायचा.

शूटिंगच्या वेळचा उपाय म्हणजे डायऑप्टर, लेन्सच्या पुढे लावायचं क्लोजअपचं भिंग. लेन्सचं किमान अंतर ०.८५ मीटर असेल आणि पुढे +०.५ चा डायऑप्टर लावला, तर फोकस २ मीटरपासून साधारण ०.६ मीटरपर्यंत चालतो. +१ लावला तर १ मीटरपासून ०.४६ पर्यंत. फोकस रिंग लांबच्या आकड्यावर राहते, म्हणून दाबही फारसा ढळत नाही. मात्र डायऑप्टर लागलेला असताना त्या २ किंवा १ मीटरच्या पलीकडचं काहीच फोकसमध्ये येणार नाही. पात्र चालत मागे जाणार असेल तर तो काढा. एकाच भिंगाचे स्वस्त क्लोजअप फिल्टर कडांना जांभळी-हिरवी झाक आणतात. दोन भिंगांचा अ‍ॅक्रोमॅटिक घ्या.

प्रश्न : चोर बाजारात थिएटरच्या प्रोजेक्टरची सिनेमास्कोप लेन्स स्वस्तात मिळतेय. कॅमेऱ्याला लावता येईल? (मुंबई)

येईल, पण छंद म्हणून. ती २ पट असते. १६:९ वर ३.५६ होतं आणि २.३९ साठी जवळपास एक तृतीयांश रुंदी कापावी लागते. ती एकटी चित्र घेत नाही. मागे साधी लेन्स लागते (एपीएस-सीवर ५८ मिमीची हेलिओस ४४-२ चालते, त्याहून रुंद लावली तर कोपरे काळे पडू लागतात) आणि दर शॉटला दोन्हींचा फोकस जुळवावा लागतो. वजनही दणदणीत, त्यामुळे खाली रॉडचा आधार हवाच. फोकस जुळवण्याची कटकट टाळायची असेल तर दोन्ही लेन्स अनंतावर ठेवा, पुढे +०.५ चा डायऑप्टर धरा आणि नटाला बरोबर २ मीटरवर उभं करा.

घेण्यापूर्वी टॉर्च आरपार मारून पाहा. जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. कडेला इंद्रधनुषी डाग दिसला तर भिंगांमधला चिकट थर सुटलाय. दोन्ही असेल तर फुकटही नको. बसवताना अंधाऱ्या खोलीत ३ मीटरवरून मोबाइलचा टॉर्च दाखवा. प्रकाशाची रेघ फ्रेमच्या खालच्या कडेला समांतर येईपर्यंत लेन्स फिरवा, मग क्लॅम्पचे स्क्रू आवळा. ती जराशी तिरकी राहिली तरी पसरल्यावर माणसं कलंडतात, आणि फ्रेम नुसती फिरवून ते सरळ होत नाही.

प्रश्न : दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र नेमकं कसं पसरायचं? आणि स्थिर केलेला शॉट जेलीसारखा का हलतो? (नाशिक)

४के, १.३३ साठी टाइमलाइन ३८४० × १६२० करा. इमेज स्केलिंगमध्ये 'सेंटर क्रॉप विथ नो रिसायझिंग' निवडा. इन्स्पेक्टरमध्ये झूमची साखळी तोडून वाय ०.७५ द्या, २१६० चे बरोबर १६२० होतात. रुंदी ताणण्यापेक्षा उंची दाबणं बरं, नवे पिक्सेल बनवावे लागत नाहीत. ताटाच्या मोजणीत १.२५ आलेल्या क्लोजअपला वाय ०.८ द्या, वरखाली थोडं कापलं जाईल, काळ्या पट्ट्या येणार नाहीत.

जेलीची कारणं दोन. दाबलेल्या चित्रावरच स्टॅबिलायझर चालवला तर त्याने केलेलं फिरवणं पसरल्यावर तिरकं होतं. आधी पसरा, कंपाऊंड क्लिप करा (पसरलेला शॉट एकच नवी क्लिप म्हणून बांधा), मग स्थिर करा. दुसरं कॅमेऱ्यात : बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला ५० मिमी सांगितलं की आडव्या दिशेला तो गरजेपेक्षा जास्त सरकतो, कारण तिथे लेन्स ३७.५ ची आहे. अ‍ॅनामॉर्फिक पर्याय नसेल तर ३७ च्या आसपासचा आकडा भरा.

प्रश्न : दिव्यातून फ्रेमभर आडवी जाणारी ती निळी रेघ भरपूर हवी. (सोलापूर)

लहान, प्रखर दिवा आणि मागे अंधार : गाडीचा हेडलाइट, टॉर्च. ट्यूबलाइटने येणार नाही. लग्नाच्या मांडवात एलईडीच्या माळा मागे असतील तर मात्र रेघांची जाळी होते आणि नवरीचा चेहरा धुरकट पडतो. कॅमेरा दोन पावलं सरकवा, किंवा दिव्यापुढे बटर पेपर लावा. दिवा मोठा आणि मऊ झाला की रेघ विरते. आमच्या मते पूर्ण फिल्ममध्ये तीन रेघा पुष्कळ झाल्या.

प्रश्न : मोबाइलवर लावायची १.३३ लेन्स मध्येच आउट का होते? (पणजी)

वस्तू जवळ आली किंवा उजेड कमी झाला की फोन गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो, आणि तुमची लेन्स पहिल्यावरच असते. मॅन्युअल अ‍ॅप वापरून मुख्य कॅमेरा लॉक करा, मॅक्रो बंद ठेवा.