पूर्ण झालेला चित्रपट पडद्यापर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न : आम्ही सोलापुरातील काही मित्रांनी पदरचे पैसे घालून एका विडी कामगार महिलेच्या जीवनावर पावणेदोन तासांचा मराठी चित्रपट पूर्ण केला. तो एका परिचित लेखकाच्या छापील कथेवर आधारित असून त्यांनी तोंडी होकार दिला होता. दोन महोत्सवांत कौतुकही झाले. परंतु दोन वर्षे होत आली तरी एकही वितरक पुढे येत नाही. असे का होते? आता तो यूट्यूबवर टाकून मोकळे व्हावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : महोत्सवात टाळ्या मिळूनही चित्रपट पडून राहिला की तो करणाऱ्यांना आपलेच काहीतरी चुकले असे वाटू लागते. आपण तसे मानू नये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा ‘साबर बोंडं’ आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला, तर २०२३ मध्ये कॅनडातील टोरंटो महोत्सवात नेटपॅक (आशियाई चित्रपटांसाठीचा) पुरस्कार मिळालेल्या ‘स्थळ’च्या प्रदर्शनाला मार्च २०२५ उजाडला. एवढा गाजावाजा झालेल्या चित्रपटांनाही थांबावे लागते.

वितरकाची अडचण पैशांची असते. मिनिमम गॅरंटी, म्हणजे कमाईआधीच ठरलेली किमान रक्कम, देऊन छोटा चित्रपट उचलणारे वितरक आता क्वचितच भेटतात. बहुतेक जण कमिशनवर काम करतात. पोस्टर, ट्रेलर, जाहिरात आणि डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क हा सारा खर्च निर्मात्याच्याच खिशातून जातो. तिकिटाच्या रकमेतून आधी कर वजा होतो (१०० रुपयांवरील तिकिटाला तो १८ टक्के आहे), मग चित्रपटगृह आपला वाटा घेते आणि उरलेल्यातून वितरकाचे कमिशन गेल्यावर निर्मात्याच्या हाती काही पडते. पहिल्या तीन दिवसांत प्रेक्षक आले नाहीत तर सोमवारपासून खेळ कमी होतात. बहुतेक स्वतंत्र निर्मात्यांची पुंजी चित्रीकरण आणि संकलन यांतच संपलेली असते, त्यामुळे चित्रपट तयार असूनही प्रदर्शनासाठी पैसा उरत नाही.

मात्र आपल्या पत्रातील मला सर्वांत चिंतेची वाटलेली गोष्ट वेगळी आहे : तो तोंडी होकार. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. करार असूनही त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरतेच राहतात. वितरक किंवा ओटीटी कंपनी चित्रपट पाहण्याआधीच विचारते, की निर्माता नेमका कोण आणि कथा, पटकथा, संगीत, कलाकार व छायाचित्रकार यांचे करार कुठे आहेत. वर्गणी काढून केलेल्या चित्रपटात पहिल्याच प्रश्नाचे उत्तर अनेकदा कागदावर नसते. उद्या मित्रांपैकी एकाने हरकत घेतली तर प्रदर्शन न्यायालयात अडकेल, हे व्यावसायिकाला दिसत असते. तो वाद घालत बसत नाही, फोन घेणे बंद करतो.

असाच दुसरा खड्डा संगीताचा असतो. समजा, अंगणात बायका विड्या वळत बसल्या आहेत आणि शेजारच्या घरातील रेडिओवर जुने चित्रपटगीत वाजते आहे. दृश्य खरे वाटते, परंतु गाणे संवादांबरोबरच ध्वनिमुद्रित झाले असेल तर ते वेगळे काढणे फार अवघड जाते. ‘गाणे जुने आहे, म्हणून मोकळे आहे’ हा समज फसवा आहे : ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, पण गीत आणि चाल यांचा हक्क गीतकार व संगीतकार यांच्या निधनानंतरही ६० वर्षे राहतो. परवानगीचे शुल्क परवडले नाही तर प्रसंगातील संवाद पुन्हा डब करून पार्श्वध्वनी नव्याने रचावा लागतो. हे काम कष्टाचे आहे, पण आपल्या चित्रपटात असे दृश्य असेल तर ते टाळता येणार नाही.

महोत्सवांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळते, त्यामुळे ते नसल्याची उणीव तिथे जाणवत नाही. चित्रपटगृहासाठी मात्र केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आपल्या विषयात तंबाखूजन्य पदार्थ दिसणारच, म्हणून सुरुवातीला व मध्यंतराच्या सुमारास किमान ३० सेकंदांची आरोग्यविषयक चित्रफीत आणि त्या दृश्यांवर इशारा द्यावा लागेल. चित्रीकरणात बैल वापरले असतील तर पशु कल्याण मंडळाचे ना-हरकत पत्रही लागते, आणि त्याची परवानगी चित्रीकरणाआधीच घ्यायची असते.

म्हणून सर्वप्रथम मूळ कथालेखकांची भेट घ्या, त्यांना योग्य मानधन द्या आणि मुदत, प्रदेश व ओटीटीसह सर्व माध्यमांचा उल्लेख असलेला करार वकिलाकडून करून घ्या. पैसे घातलेल्या सर्व मित्रांत एकाला निर्माता ठरवून बाकीच्यांचा हिस्सा लिहून ठेवा. स्टुडिओची बाकी असेल तर ती आधी चुकती करा, कारण ती फिटेपर्यंत मूळ हार्डडिस्क सहसा हाती येत नाही.

यूट्यूबची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा फुकट उपलब्ध झालेल्या चित्रपटाला ओटीटी कंपनी सहसा पैसे देत नाही आणि चित्रपट आधी कुठे दाखवलेला नसावा (प्रीमियर) अशी अट घालणारे महोत्सवही दारे बंद करतात. शिवाय मूळ कथेचा लेखी हक्क नसताना चित्रपट सार्वजनिक करणे धोक्याचे आहे. प्रमाणपत्र हाती आल्यावर सोलापुरातच एखाद्या चित्रपटगृहाशी थेट बोलून शनिवार-रविवारचे दोन खेळ भाड्याने घ्या आणि विडी कामगारांच्या वस्त्यांतून तिकिटे आधी विका. त्या विक्रीचा हिशेब पुढच्या वितरकासमोर ठेवता येईल.