बिबट्याच्या शिकारीचा निकाल मतदानाने लावावा का?

प्रश्न असा की, अमेरिकेत लोक मत देऊन डोंगरी सिंहाच्या (प्यूमा, तिकडची मोठी रानमांजर) शिकारीचं ठरवतात, मग रत्नागिरी-सिंधुदुर्गात बिबट्याचं गावाने का ठरवू नये?

तिकडे कॅलिफोर्नियाने 1990 मध्ये मतदानाने बंदी घातली. कोलोराडोत 2024 मध्ये तसाच प्रस्ताव पडला. आपल्याकडे मत द्यायला जागाच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या अनुसूची 1 मध्ये आहे. शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद, दंड किमान 25,000 रुपये. माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्यासाठी कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतो, तोही पकडणं किंवा बेशुद्ध करून हलवणं शक्य नसेल तरच. माझ्या मते हे चांगलंच आहे, कारण मारून प्रश्न सुटत नाही. जागा धरून राहिलेला नर मारला की तिथे बहुधा दुसरा तरणा येतो.

कोकणात खरा घात फासकीने होतो. काजूच्या बागेचा गडगा (दगडी कुंपण) जिथे ढासळलेला असतो, तिथे डुकरासाठी गाडीची क्लच-वायर लावतात. बिबट्या कमरेत अडकतो, जितका ओढतो तितकी तार रुतते, आणि भोवती शंभर जण मोबाईल घेऊन! तार कापायला जाऊ नका, सुटला तर पहिला तुमच्यावरच येईल. लोकांना मागे हटवा, वनखात्याच्या 1926 या नंबरला फोन करा.

बिबट्या विहिरीत पडला असेल तर आधी पंपाची वीज तोडा, मग एका बाजेच्या (खाटेच्या) चारही पायांना दोर बांधून ती त्याला बसायला खाली सोडा. पोहून दमला की बुडतो. पिंजरा वनखात्याने उतरवायचा.