जुन्या स्लाव लोकांचा यारिलो हा वसंताचा देव की युद्धाचा?

माझ्या मते दोन्ही, आणि त्याची किल्ली नावातच आहे. स्लाव भाषांतल्या ‘यार’ या धातूत वसंतही आहे आणि उसळता आवेशही. रशियन शेतकरी वसंतात पेरलेल्या पिकाला आजही ‘यारोवोय’ म्हणतो, तर ‘यारोस्त’ म्हणजे अनावर संताप. कोंब जमीन फोडून वर येतो तेव्हाचा जोर आणि तरण्या योद्ध्याचा जोर जुन्या स्लावांना एकच वाटला असावा.

पुरावा बाल्टिक किनाऱ्यावरच्या वोल्गास्ट या तेव्हाच्या स्लाव गावचा. बिशप ओटो ११२८ साली तिथे धर्मप्रसाराला गेला, तेव्हा गेरोवित देवाच्या मंदिरात सोन्याने मढवलेली प्रचंड ढाल टांगलेली होती. जमावापासून जीव वाचवायला ओटोच्या एका साथीदाराने ती ढालच पुढे धरली, तर साक्षात देव आला समजून लोक जमिनीवर पालथे पडले! ओटोच्या चरित्रकारांनी या देवाला रोमन मार्ससारखा युद्धदेव ठरवलं, पण त्याच चरित्रात त्याच्या तोंडी शेतांना गवत आणि रानाला पालवी मीच देतो, असा दावा आहे. गेरोवित म्हणजेच यारिलो, असं बरेच अभ्यासक मानतात.

एक सावधगिरी मात्र हवी. पांढरा घोडा, अनवाणी तरुण, एका हातात माणसाचं मुंडकं, दुसऱ्यात राय (rye) या धान्याची कणसं हे प्रसिद्ध वर्णन १८४६ च्या एका बेलारूसी लेखातलं आहे, आणि त्या लेखकाने बरंच पदरचं घातल्याचा संशय आहे. यारिलो म्हणजे ‘पेरुनचा (मेघगर्जनेच्या देवाचा) हरवलेला मुलगा’ ही कथासुद्धा विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी लोकगीतांवरून जुळवलेली आहे. सुंदर आहे, पण तिला जुनी पोथी समजू नका.