दुधाचे दात किडले तर चालतात का?

प्रश्न: मुलगा साडेतीन वर्षांचा, रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपतो, आता वरच्या दातांवर हिरडीजवळ पांढरट रेघ दिसतेय. सासूबाई म्हणतात, पडणारेच दात आहेत, डॉक्टर कशाला?

उत्तर: पडणार खरे, पण दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत टिकायला हव्यात हो, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली की ठणका, सूज सगळं आलंच. ती रेघ म्हणजे किडीची सुरुवात. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच राहतं, म्हणून रात्रीची बाटली बंद, रडलाच तर नुसतं पाणी. फ्लोराइडवाली पेस्ट वाटाण्याएवढी, दिवसातून २ वेळा, आणि ब्रश तुम्हीच करा, त्याच्या हातात दिला की तो पेस्टच खाणार! डॉक्टरांना आत्ताच दाखवा, या स्टेजला फ्लोराइड वार्निशने (डॉक्टर दातांवर लावतात तो फ्लोराइडचा लेप) बऱ्याचदा ड्रिलिंग टळतं.