तयार होऊनही दुकानात न पोचलेला मनुक्यांचा गेम

तुम्ही विचारलंय की जाहिरातीतल्या एखाद्या पात्रावर बनवलेला, पण कधी विक्रीलाच न आलेला जुना व्हिडिओ गेम कुणाला माहीत आहे का, आणि तो आता खेळता येतो का. माहीत आहे, आणि मी तो खेळलोही आहे. फक्त मी तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा आहे, त्यामुळे उत्तर गेमपेक्षा बेदाण्याकडे जास्त झुकेल. सांभाळून घ्या.

गेमचं नाव 'द कॅलिफोर्निया रेझिन्स : द ग्रेप एस्केप'. निन्टेंडोच्या एनईएस या यंत्रासाठी रेडियन्स सॉफ्टवेअरने तो बनवला आणि कॅपकॉम तो विकणार होती. (लहानपणी आपण ज्याला नुसतं 'टीव्ही गेम' म्हणायचो आणि ज्यात कॅसेट फुंकून घालायचो, ती नक्कल याच घराण्यातली.) १९९०-९१ च्या सुमारास गेम तयार होता, अमेरिकेतल्या गेमच्या मासिकांत त्याबद्दल छापूनही आलं होतं. आणि मग तो दुकानात गेलाच नाही.

हे रेझिन्स म्हणजे मनुके. १९८६ मध्ये अमेरिकन टीव्हीवर एक जाहिरात आली. सुरकुतलेले, काळसर जांभळे मनुके, हातात पांढरे मोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि एका रांगेत ठुमकत गाणं म्हणतायत. गाणं होतं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन'. मार्विन गे या गायकाच्या आवाजात ते आधीच गाजलेलं होतं, जाहिरातीसाठी ते बडी माइल्स या गायकाने गायलं. इंग्रजीत एखादी गोष्ट 'द्राक्षवेलीवरून ऐकली' म्हणजे ती कानोकानी कळली. मूळ गाण्यात प्रियकराला प्रेयसीची बेवफाई अशी कानोकानी कळते, इथे तेच गाणं वेलीवरच्याच मालाच्या तोंडी घातलं. बाहुल्या केल्या पोर्टलंडच्या विल व्हिंटन स्टुडिओने. मातीसारख्या लगद्याची बाहुली केसभर हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. अर्ध्या मिनिटाच्या फिल्मसाठी किती दिवस जात असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ही जाहिरात कुठल्या कंपनीची नव्हती. ती होती कॅलिफोर्निया रेझिन ॲडव्हायजरी बोर्डाची, आणि त्या बोर्डाचा पैसा बेदाण्याच्या धंद्यातूनच, टनामागे कापून घेतलेल्या वर्गणीतून यायचा. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर 'संडे हो या मंडे'. तीही कुठल्या एका पोल्ट्रीची जाहिरात नव्हती, अंडी उत्पादकांच्या समितीची होती. खप वाढला तर सगळ्यांचाच वाढणार, असा हिशेब.

आणि सुरुवातीला तो जमलाही. पण लोकांना मनुक्यांपेक्षा मनुक्यांचं वेडच जास्त लागलं. १९८७ मध्ये हार्डीज या बर्गरवाल्यांकडे त्यांच्या छोट्या बाहुल्या मिळू लागल्या. त्यांच्या नावाने गाण्यांचे अल्बम निघाले, तेही प्रायॉरिटी रेकॉर्ड्सकडून, म्हणजे पुढे एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटामुळे गाजलेल्या लेबलकडून. १९८८ मध्ये सीबीएसवर खास कार्यक्रम झाला, १९८९ मध्ये शनिवारी सकाळची कार्टून मालिका आली. एका जाहिरातीत तर खुद्द मायकल जॅक्सनचा मनुका नाचला. बाहुली घेणारं पोर घरी जाऊन मनुके खात होतं का, हा प्रश्न बहुधा फ्रेस्नोकडच्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बेदाण्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनाच पडत असावा. एवढ्या महागड्या फिल्म आपल्या वर्गणीतून कशाला, अशी कुरबुर वाढत गेली आणि १९९४ मध्ये तो बोर्डच गुंडाळला गेला.

गेम नेमका या उताराच्या तोंडाशी तयार झाला. कॅपकॉमने तो का अडवला याबद्दल माझा अंदाज साधा आहे : वेड ओसरत होतं, आणि १९९१ मध्ये अमेरिकेत सुपर निन्टेंडो आल्यावर जुन्या यंत्रासाठी ओसरत्या पात्राचा गेम कोण घेणार? गंमत म्हणजे याच कॅपकॉमने १९९० मध्ये डॉमिनोज पिझ्झाच्या जाहिरातीतल्या नॉइडचा गेम आणला होता, आणि तो नॉइडही विल व्हिंटनच्याच स्टुडिओतला. तो गेम तर मुळात जपानमधला एक निंजाचा गेम होता, फक्त नायक बदलून नॉइड बसवलेला. उसना गेम दुकानात गेला आणि मनुक्यांसाठी मुद्दाम केलेला घरी बसला!

आता खेळण्याबद्दल. गेमची प्रत नंतर बाहेर आली, त्यामुळे एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो चालतो. मी लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवर खेळलो. धावायचं, उड्या मारायच्या, शत्रू चुकवायचे, असा त्या काळातला सरधोपट मामला. कॅपकॉमचं नाव बघून त्यांच्याच गाजलेल्या मेगा मॅन गेमची अपेक्षा ठेवलीत तर फसाल. माझं मन त्यात तासाभराच्या वर रमलं नाही.

खेळताना वडील मागे येऊन उभे राहिले. "हे काय रे, काळा मनुका?" मी सांगितलं, कॅलिफोर्नियाचा आहे. आणि तो थॉम्पसन सीडलेस या द्राक्षाचा, म्हणजे आपल्याच भाऊबंदकीतला. आमची तास-ए-गणेश ही थॉम्पसनमधूनच निवडलेली, आमच्याच तालुक्यातली जात. फरक वाळवण्यात आहे. आम्ही घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीवर सावलीत वाळवतो, म्हणून बेदाणा पिवळा-हिरवा निघतो. तिकडे ओळींच्या मधे जमिनीवर कागद अंथरून घड थेट उन्हात टाकतात, म्हणून तो काळसर होतो.

वडिलांनी लगेच विचारलं, "उघड्यावर? आणि पाऊस आला तर?"

त्यांचा अंदाज बरोबर होता. तिकडे तोडणी ऑगस्टच्या शेवटी सुरू होते आणि सप्टेंबरच्या पावसाने कागदावरचा माल नासतो. आमच्याकडे तीच धास्ती मार्च-एप्रिलच्या अवकाळीची. मग त्यांनी वर्गणीचं विचारलं, टनाला किती कापायचे. तो आकडा माझ्याकडे नव्हता. ते शेडकडे निघून गेले आणि माझा मनुका तोवर खड्ड्यात पडला होता.

खेळणारच असाल तर आधी १९८६ ची ती जाहिरात बघून घ्या, ती इंटरनेटवर सहज सापडते. गेमपेक्षा ती कितीतरी सरस आहे.