लसीकरणाचं गणिती मॉडेल शिकतोयस ना, मग आधी गोवर घे
एकदम मोठ्ठं मॉडेल नको घेऊस, आधी साधं एसआयआर हाताने सोडव (लागण होऊ शकणारे, आजारी आणि बरे झालेले असे लोकांचे तीन गट धरणारं), करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ ला मांडलेलं, आणि त्यात गोवर घाल. आर नॉट, म्हणजे कुणीच इम्यून नसताना एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो तो आकडा, १५ धरलास तर साथ थांबायला १ वजा १/१५, म्हणजे ९३.३ टक्के लोक इम्यून हवेत. पण लस घेतलेले सगळेच इम्यून नसतात रे, एका डोसने साधारण ९३ टक्के संरक्षण मिळतं, ९३.३ ला ०.९३ ने भागून बघ, किती टक्के लोकांना लस द्यायची ते उत्तर १०० च्या वर जातं! म्हणजे झाडून सगळ्यांना एक डोस दिला तरी पुरत नाही, दोन डोसचं ९७ टक्के संरक्षण घाल, उत्तर ९६ वर येतं, दुसरा डोस का लागतो ते इथेच दिसतं. नंतर वस्त्या वेगळ्या धर, २०२२ ला मुंबईत गोवर गोवंडीकडे जास्त होता, शहराच्या सरासरीत असलं काही दिसत नाही.