आजीच्या कपबशीखाली निळ्या दोन तलवारी आहेत. ती माइसेनचीच असेल का?

नुसत्या तलवारींवरून काहीच ठरत नाही. जर्मनीतला माइसेनचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना १७१० चा, तलवारींची खूण साधारण १७२२ पासूनची, आणि तिच्या नकला अठराव्या शतकापासूनच सुरू आहेत. ‘खूण आहे म्हणजे अस्सलच’ असं चोर बाजारात ठासून सांगणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. खूण सगळ्यात शेवटी बघायची असते.

तरी तुम्ही खुणेचंच विचारलंय. कप कोमट पाण्याने धुवून पुसा आणि दहापट भिंग घ्या. तलवारी ब्रशने कोबाल्ट निळ्यात काढतात आणि त्यावर ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) चढतं, म्हणून नख फिरवलं तर खूण लागत नाही. ब्रश टेकला तिथे निळा दाट, पुढे रेघ बारीक होत जाते. बारीक छापील ठिपके दिसले तर आजीचा कप माइसेनचा आहे ही आशा सोडा.

तलवारींवरून आडवी चीर गेली असेल तर नीट बघा. ती चाकावर घासून पाडलेली असते, ग्लेझ कापून जाते आणि नखाला खाच लागते. अर्थ असा की माल दुय्यम ठरला, किंवा कोराच विकला गेला आणि बाहेर कुणीतरी रंगवला. विकणारे तिला ‘वापराचा ओरखडा’ म्हणतात. साफ चूक. वापराचे ओरखडे तळाच्या कड्यावर कसेही पडतात, नेमके खुणेवरून सरळ जात नाहीत.

खुणेवरून काळही कळतो: तलवारींच्या दोन मुठींच्या मधे टिंब म्हणजे १७६३-७४, तारा म्हणजे १७७४-१८१४, टोकांमध्ये टिंब म्हणजे १९२४-३४. पण तारा आहे आणि कपावरची फुलं डेकलची (छापील चित्र चिकटवून उमटवलेली) आहेत, तर खूण बहुधा खोटी. मुकुट आणि ‘ड्रेस्डेन’ हा शब्द असेल तर तो माइसेनचा शिक्काच नव्हे. ड्रेस्डेन शहरातल्या रंगकाम करणाऱ्यांनी तो १८८३ मध्ये नोंदवला. तळाला एखादा भाग मंद, घासल्यासारखा दिसला तर तिथली मूळ खूण काढून टाकली असण्याची दाट शक्यता आहे.

एक मात्र आहे: वूस्टर, डर्बी आणि ब्रिस्टल या इंग्लंडमधल्या कारखान्यांनीही अठराव्या शतकात तलवारी काढल्या, आणि पॅरिसच्या सॅमसन या कारखान्याच्या नकलांनाही आज संग्राहक आहेत. म्हणजे माइसेन नाही म्हणून वस्तू टाकाऊ होत नाही.

फक्त तळाचा फोटो मागून किंमत सांगणाऱ्याला कपबशी देऊ नका. कड्याचा, कानाच्या जोडाचा आणि रंगकामाचा जवळून काढलेला फोटो जो मागेल, त्याच्याशीच पुढचं बोला.